भोपळा कुटणाऱ्या काकू

मुलांच्या पुस्तकात चित्रं काढणाऱ्या माणसाला लग्नाच्या बाजारात काय किंमत असते, ते मला विचारा. पहिल्याच ठिकाणी मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय करता?" म्हटलं, "चित्रं काढतो." "ते झालं हो. पण पोटापाण्याचं?" "तेच." "बरं, कसली चित्रं?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, "ससा, माकड, कोल्हा. क्वचित हत्ती." आतून येणारा चहा आतच राहिला. दुसऱ्या ठिकाणी जाताना थोरल्या भावानं बजावलं, "ससा-बिसा तोंडातून काढायचा नाही. प्रिंटिंग लाइनमध्ये आहे म्हणायचं." तसं म्हटलं आणि जमलं. बायकोला ससा लग्नानंतर कळला.

आमचं घर मखमलाबादचं, भाजीपाल्याचं. वडील आणि भाऊ मळ्यात, आई पाट्या घेऊन नाशकाच्या बाजारात, आणि मी चित्रकलेचा कोर्स करून घरात बसलेला. वडिलांच्या मते वांगी पिकवायची सोडून वांग्याची चित्रं काढणं हा आळशीपणाचा कळस होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मिळेल ते काम करायचो. अगरबत्तीचे पुडे, चिवड्याच्या पिशव्या, द्राक्षाच्या पेट्या. एका द्राक्षवाल्या शेठना पेटीवर बाळकृष्ण हवा होता, पण लोण्याऐवजी द्राक्षं खाणारा. मी म्हटलं, "शेठ, यशोदा रागवेल." ते म्हणाले, "मग यशोदेच्या हातात पण एक घड द्या ना!" दिला. चांगलं झालं होतं चित्र, उगाच कशाला नावं ठेवा.

अशात मला भाऊसाहेब भेटले. रविवार कारंजाजवळ त्यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, शाळांची प्रगतिपुस्तकं, पतपेढ्यांचे अहवाल, असा सगळा रुक्ष धंदा. पण माणसाला एक शौक असतो. भाऊसाहेबांना मुलांची पुस्तकं काढायचा शौक होता. स्वतःला मूलबाळ नव्हतं, आणि दुसऱ्यांची मुलं छापखान्यात शिरली की ते हाकलून लावायचे. पण पुस्तकं काढायचे मात्र जीव तोडून.

त्यांचा एक नियम होता, तो नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं. लेखक आणि चित्रकार यांची गाठ म्हणून घालायची नाही. "गाठ पडली की दोघं चहा पितात," ते म्हणायचे, "चहा पिता पिता पुस्तक सुधारतात, आणि सुधारता सुधारता दिवाळी निघून जाते." म्हणून लेखकाचा मजकूर भाऊसाहेबांकडे यायचा, तो ते माझ्या हातात ठेवायचे, आणि माझी चित्रं परस्पर छापायला जायची. लेखकाचं नाव मुखपृष्ठावर ठळक. चित्रकाराचं नाव आत, मुद्रकाच्या पत्त्याखाली, मुंगीच्या आकाराचं. माझ्या आईला वाचता येत नव्हतं, तरी ती विचारायची, "तुजं नाव कुठंय रं यात?" मी दाखवलं की म्हणायची, "येवढं बारीक? मीठ सांडलंय काय तिथं?"

खरं सांगतो, ते मला लागायचं. मुखपृष्ठावर 'लेखन आणि चित्रं' असं लिहिलेलं असावं आणि पुढं माझं नाव, ही माझी त्या काळातली एकमेव महत्त्वाकांक्षा होती.

आता धंद्यातली एक गंमत सांगतो. आजच्या मुलांना वाटतं, रंगीत चित्र म्हणजे रंगानं काढलेलं चित्र. आमच्या दोन रंगांच्या पुस्तकांत आम्ही रंगाला हातही लावत नसू! पुठ्ठ्यावर काळ्या शाईनं रेषा काढायच्या. मग त्यावर ट्रेसिंग पेपर चिकटवायचा आणि जिथं जिथं लाल हवा, तिथं तिथं त्या कागदावर पुन्हा काळंच फासायचं. कारण छापखान्याच्या कॅमेऱ्याला फक्त काळं कळतं. म्हणजे समोर सगळं काळंकुट्ट, आणि लाल फक्त माझ्या डोक्यात. दोन्ही कागदांच्या कोपऱ्यांत फुल्या मारायच्या. छापताना फुलीवर फुली आली की रंग जागच्या जागी पडला. त्याला मशीनवरची माणसं म्हणायची, "बसला." आणि जरा इकडंतिकडं झालं की, "सरकला."

एकदा एका पुस्तकात पोपटाच्या चोचीचा लाल रंग सरकला तो थेट डोळ्यावर जाऊन पडला. सातपूरच्या एका शाळेत मी गेलो होतो, तिथं एका पोरानं काळजीनं विचारलं, "सर, पोपटाचे डोळे आलेत का?" काय सांगणार? म्हटलं, "हो बाळा, जवळ जाऊ नकोस."

आणि मोठ्यांच्या तऱ्हा तर विचारूच नका. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले एक साहेब खास सायकल मारत छापखान्यात आले. माझ्या एका चित्रात चिमणी विजेच्या तारेवर बसली होती. साहेब म्हणाले, "चिमणी ठीक आहे हो, चिमणीबद्दल माझी तक्रार नाही. पण खांबावर तार नुसती गुंडाळलीय. चिनी मातीची वाटी कुठाय? अख्ख्या गावाला शॉक बसेल!" पुढच्या आवृत्तीत ती वाटी काढली. चिमणी अजून तशीच बसलीय.

तर एकदा भाऊसाहेबांनी माझ्यापुढं एक मजकूर ठेवला. पुण्याच्या एक निवृत्त शिक्षिका, इंदूताई, यांचं पहिलंच पुस्तक. नाव 'काकूंचं डांगर'. नाव वाचूनच मी खूश झालो. डांगर म्हणजे आमच्या घरचाच विषय! आमच्याकडं, नाशकाच्या आजूबाजूच्या खेड्यांत, लाल भोपळ्याला डांगर म्हणतात. मांडवावर, बांधावर, गोठ्याच्या छपरावर, जिकडं बघावं तिकडं डांगर. लहानपणी इतकं खाल्लंय की आजही पानात दिसलं तर मी जेवण उरकतं घेतो. पण काढायला भोपळ्यासारखं सुख नाही. मी भाऊसाहेबांना सांगितलं, दुसरा रंग लाल नको, केशरी घ्या. ते म्हणाले, "वा!"

मजकूर अगदी थोडा. पानाला एक ओळ. 'काकूंनी केलं डांगर. गोल गोल डांगर, मऊ मऊ डांगर.' इथवर झकास. पुढची ओळ होती, 'कुटून कुटून काकू दमल्या.' मी जरा थबकलो. भोपळा कुटतात? मग म्हटलं, पुण्याची पद्धत असेल. पुण्याच्या माणसाला शंका विचारायची माझी हिंमत नव्हती, आणि विचारायची म्हटली तरी भाऊसाहेबांचा नियम आडवा. मी काकूंच्या हातात मुसळ दिलं आणि भलाथोरला भोपळा कुटायला लावला. पदर खोचलेला, अंबाडा सुटलेला, बिया उडून मांजराच्या अंगावर. पुढं लिहिलं होतं, 'मुलांनी खाल्लं तेलात बुडवून.' भोपळा तेलात बुडवून? असेल बाबा. मी प्रत्येक पोराच्या हातात एक फोड दिली आणि मध्ये तेलाची बशी ठेवली.

शेवटचं पान मात्र माझ्याच्यानं जमेना. मजकूर असा होता, 'चिमीला झाला उशीर. डांगर संपलं. काकूंनी वाटी उचलली. वाटीखाली चिमीचं डांगर!' आता एवढं डांगर वाटीखाली मावणार कसं? मला वाटलं, बाईंची काहीतरी चूक झालीय. मी मोठ्या मनानं ती दुरुस्त केली. वाटी काढून टाकली आणि काकूंच्या हातून चिमीला फोड देववली.

चित्रं मुंबईला ऑफसेटवर छापून आली. मजकूर नंतर आपल्या छापखान्यात त्यावर छापायचा, अशी तेव्हाची रीत. मुखपृष्ठही छापून आलं होतं, इंदूताईंचं नाव ठळक. गठ्ठा फोडला तर काय सांगू, केशरी रंग असा बसला होता की भोपळ्यावर हात फिरवावासा वाटावा. एक कागद घरी नेला आणि आईपुढं पसरला. आईनं आयुष्यभर भोपळे विकलेले. ती कौतुकानं बघत राहिली. "लय झ्याक डांगर निघालंय," म्हणाली. मग बोट मुसळावर आलं. "पन ही बया त्याला हानती कशापायी?"

म्हटलं, "पुण्याची आहे ती."

"मंग हितल्या कुनी सांगितलं नाय का तिला?"

"पुण्याच्या माणसाला कोण सांगणार, आई?"

आई तोंडाला पदर लावून हसली. मीही हसलो. तेव्हा ठाऊक नव्हतं की त्या हसण्यात अख्खं पुस्तक पडलेलं आहे.

भाऊसाहेबांनी कौतुकानं एक कागद पुण्याला पाठवला. दोन-तीन दिवसांनी छापखान्यात ट्रंककॉल आला. भाऊसाहेबांनी फोन कानापासून वीतभर लांब धरला होता, तरी मला ऐकू येत होतं. "अहो, भोपळा काय म्हणून दिलाय तिच्या हातात? डांगर म्हणजे डांगर! पापडाचं! उडदाचं!"

आता ज्यांच्या घरी हा शब्द आहे ते वाचक हसून लोळत असतील. उडीद पापडाचं पीठ भिजवायचं, तेलाचा हात लावून कुटून कुटून मऊ करायचं, त्याचे गोळे करायचे, आणि लाटायच्या आधी पोरांनी ते पळवून तेलात बुडवून खायचे. त्याला पुण्याकडं म्हणतात डांगर. नाशकातही पापड करणाऱ्या कितीतरी घरांत म्हणतात! पंचवटीत कुठल्याही दारात विचारलं असतं तरी कळलं असतं. पण आम्हा मळेकऱ्यांकडं ते नुसतं पापडाचं पीठ, आणि भाऊसाहेबांचं गाव देवळ्याकडचं, घरी पापड विकतचे. विचारणार कोण कुणाला?

भाऊसाहेब दिवसभर गठ्ठ्यांभोवती फेऱ्या मारत होते. सगळ्या पानांवर केशरी भोपळे. पुसता येईनात, झाकता येईनात, रद्दीत घालावे तर पुन्हा कागद घ्यायची ऐपत नाही. संध्याकाळी ते म्हणाले, "चित्रं राहतील, मजकूर जाईल. या चित्रांना शोभेल अशी भोपळ्याची गोष्ट तुम्ही लिहा. मुखपृष्ठ नवं करू. त्यावर तुमचं नाव. लेखन आणि चित्रं."

मला वाईट वाटायला हवं होतं ना? मी घरी सायकल हवेतच नेली. आईला सांगितलं, आता मिठाएवढं नाव नाही, डांगराएवढं येणार!

रात्रंदिवस खपून मी गोष्ट लिहिली. नाव 'भोपळ्याचे फायदे'. भाऊसाहेबांनी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. म्हणाले, "हे कृषी खात्याचं पत्रक आहे." पण दुसरं काही हाताशी नव्हतं. "असू द्या," ते म्हणाले, "अक्षरांचे खिळे जुळवायला देऊ उद्या."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं इंदूताई स्वतःच आल्या. साठी उलटलेली, बुटकी बाई, नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारी, हातात पितळी डबा. दारातूनच विचारलं, "भोपळेवाले कोण तुमच्यातले?" सगळ्या छापखान्यानं माझ्याकडं बोट दाखवलं.

डबा माझ्यापुढं उघडला. आत पिवळसर गोळे, शेजारी छोट्या बाटलीत तेल. "खा," म्हणाल्या. शिक्षिकेनं म्हटलं की खावं लागतं. मी एक गोळा तेलात बुडवून तोंडात टाकला. आधी मऊ, मग हिंग, आणि मग जे काय तिखट लागलं म्हणता, माझ्या कानांतून वाफ निघायची बाकी राहिली.

"कळलं आता डांगर म्हणजे काय?"

"कळलं."

"काय कळलं?"

"भोपळा बरा."

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला. पण बाई हसल्या हो! मग त्यांनी छापलेले कागद मागितले. मुसळवाल्या काकूंचं पान आलं आणि त्यांनी जे हसायला सुरुवात केली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अहो, मांजराच्या अंगावर बिया! आमच्या काकूंना हे दाखवायला हवं होतं." पानं उलटत शेवटच्या पानावर आल्या आणि हसू थांबलं.

"भोपळ्याचं राहू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "माझी वाटी कुठं गेली?"

मी सांगितलं, भोपळा मावत नव्हता म्हणून काढली.

मग त्यांनी सांगितलं. त्या काकू खऱ्या होत्या, त्यांच्याच गल्लीतल्या. पापडाच्या दिवशी गल्लीतली सगळी पोरं जमायची. इंदूताईंना आई नव्हती. घरचं सगळं उरकून यायच्या, तोवर डांगर संपलेलं. पोरं हात चाटत असायची. काकू काही न बोलता उपडी वाटी पुढं सरकवायच्या. "उचल, म्हणायच्या. खाली माझा गोळा असायचा. दरवेळी! माझ्या यायच्या आधी कुणीतरी माझी आठवण काढलीय, एवढंच मला त्या गोष्टीत सांगायचं होतं. बाकीची पानं आपली त्या शेवटच्या पानासाठी." मग हसून म्हणाल्या, "गल्लीत सगळ्यांना सांगून बसलेय, पुस्तक येतंय म्हणून. या वयात पहिलं पुस्तक. जाऊ दे."

माझ्या खिशात 'भोपळ्याचे फायदे' होतं. तो कागद मला टोचायला लागला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "बाई, तुमच्या काकूंना बघून आमची आई काय म्हणाली सांगू?" आणि आईचं आणि माझं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ही बया हाणती कशापायी, पुण्याची आहे ती, पुण्याच्या माणसाला कोण सांगणार.

भाऊसाहेबांचा चेहरा पडला. पुण्याच्या बाईंसमोर हे काय बोलतोय! पण इंदूताईंनी टेबलावर थाप मारली. "अहो, हीच गोष्ट! कागद आणा!"

त्या दुपारी भाऊसाहेबांचा नियम मोडला. आम्ही चहा प्यालो, आणि चहा पिता पिता पुस्तक सुधारलं. पुण्याच्या काकू नाशकाला येतात. म्हणतात, मला डांगर हवं. लोक भोपळा आणून देतात. काकू भोपळ्याकडं बघतात, पण आपलं चुकलं असं म्हणतील तर त्या काकू कसल्या? "आमच्याकडं डांगर कुटतात!" म्हणून मुसळ उचलतात. कुटून कुटून दमतात. तेलात बुडवून पोरांना वाढतात, आणि नाशकाची पोरं गुणी, पाहुणीचं मन मोडू नये म्हणून गपगुमान खातात. प्रत्येक चित्र असं जागेवर बसलं की जणू याच गोष्टीसाठी काढलं होतं. मशीनवरचा माणूस आमच्या खांद्यावरून वाचत होता. तो म्हणाला, "बसलं!" इंदूताईंनी अर्थ विचारला. त्यानं फुल्या दाखवून सांगितला. त्यांना तो शब्द फार आवडला. दिवसभर जिथं तिथं "बसलं, बसलं" करत होत्या.

फक्त शेवटचं पान. तिथं चिमीच्या हातात फोड होती, वाटी नव्हती. नव्या गोष्टीत चिमी फोड खाऊन म्हणते, "काकू, छान झालंय हं!" आणि मांजर तोंड फिरवतं. मुलं हसणार हे नक्की होतं. "वाटी राहू दे," इंदूताई म्हणाल्या. "मुलं हसतील ना? झालं तर मग." पण डब्याचं झाकण लावताना त्यांचा हात जरा वेळ झाकणावरच राहिला. मला फार वाईट वाटलं. त्यांची वाटी मीच काढून टाकली होती, आणि तीही त्यांची चूक सुधारतोय या तोऱ्यात.

भाऊसाहेब मात्र आनंदात. "मुखपृष्ठ वाचलं!" ते म्हणाले. खरंच की. मुखपृष्ठावर 'काकूंचं डांगर' आणि इंदूताईंचं नाव, सगळं तसंच चालणार होतं. माझं नाव परत मुद्रकाच्या पत्त्याखाली गेलं. घरी आईनं विचारलं, "डांगरायेवढं येनार व्हतं ना?" म्हटलं, "सरकलं."

पुस्तक चाललं. पोरं मुसळाच्या पानावर गडाबडा लोळायची. त्यानंतर इंदूताईंनी आणि मी मिळून बरीच पुस्तकं केली. त्यांच्या प्रत्येक मजकुराला एक पुरवणी जोडलेली असे. 'पाटी म्हणजे लिहायची, भाजीची नव्हे.' 'पाट म्हणजे बसायचा, मळ्यातला नव्हे.' 'शंका आल्यास विचारावे. मी चावत नाही.'

पुढं ऐंशीच्या दशकात मी शाळाशाळांतून फळ्यावर चित्रं काढून गोष्टी सांगत हिंडायला लागलो. देवळ्याच्या अलीकडं एका शाळेत गेलो होतो. बाहेर कांद्याचे ढीग, आत जमिनीवर मुलं. मी फळ्यावर ऐटीत भोपळा काढला आणि विचारलं, "हे काय?" मला वाटलं, सगळे ओरडतील, डांगर! कुणीच बोलेना. मग मीच म्हटलं, "डांगर!" तर दुसऱ्या रांगेतली एक चिमुरडी उठून उभी राहिली. कमरेवर हात.

"हाई काय डांगर शे? हाई ते गंगाफय शे! डांगर ते गोड ऱ्हास."

गुरुजी हसायला लागले. म्हणाले, "बरोबर आहे तिचं. इकडं भोपळा म्हणजे गंगाफळ, आणि डांगर म्हणजे खरबूज. गिरणेच्या वाळूत पिकतं ते." घ्या! आयुष्यभर डांगर-डांगर करून मला तिसरं डांगर ठाऊकच नव्हतं. आणि भाऊसाहेब, देवळ्याकडचे ना, इतकी वर्षं गप्प! मी नाशकाला आल्या आल्या त्यांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "मला वाटलं, लेखकाला खरबूज म्हणायचंय आणि चित्रकाराला काढता येत नाही."

ही बातमी इंदूताईंना स्वतः सांगायची, म्हणून त्यांच्या शेजारी फोन करून 'उद्या येतोय' एवढंच कळवलं आणि दुसऱ्याच दिवशी एसटीत बसलो. ती नारायणगावाजवळ बंद पडली. पोचेपर्यंत दिवेलागण. खोलीत पापडांचा वास भरलेला, चटईवर गल्लीतली पोरं हात चाटत बसलेली. इंदूताईंना आताशा दिसत नव्हतं. डोळ्यांचं ऑपरेशन करून बघितलं होतं, उपयोग झाला नव्हता. आवाजावरून ओळखलं. "भोपळेवाले, या!"

मी तिसरं डांगर सांगितलं, कमरेवरच्या हातांसकट. हसता हसता त्यांना ठसका लागला. मी म्हटलं, "बाई, आता ही गोष्ट लिहा. मी लिहून घेतो, तुम्ही सांगा."

"मी नाही. तुम्ही लिहा. तुम्हाला लिहायचं होतं ना तेव्हा? भाऊसाहेबांनी दाखवलं होतं मला तुमचं ते 'भोपळ्याचे फायदे'."

मी गारच पडलो. "कसं वाटलं?"

"म्हणून तर म्हणते, आता तरी नीट लिहा."

मग त्यांनी हात लांब करून चाचपडत एक उपडी वाटी माझ्यापुढं सरकवली. "उचला," म्हणाल्या. "पोरांना सकाळीच सांगितलं होतं, नाशिकचा पाहुणा येतोय, एसटी आहे, उशीर होणार."

वाटीखाली एकच गोळा होता. मी तो खाल्ला. तिखट लागला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच तिखटाचं नव्हतं.

'तीन डांगरं' मी लिहिलं. तीन गावच्या तीन काकू, तिघींचं डांगर वेगळं, आणि तिघींची कडाकडा भांडणं. या वेळी पूर्ण रंगीत. शेवटच्या पानावर मी फक्त एक वाटी काढली. उपडी. बाकी पान कोरं. भाऊसाहेब म्हणाले, "खालचं डांगर कुठंय?" म्हटलं, "खाली." मुखपृष्ठावर लिहायला सांगितलं, 'लेखन आणि चित्रं' पुढं माझं नाव, आणि त्याच्या खाली तेवढ्याच आकारात, 'शेवटचं पान' पुढं इंदूताईंचं. भाऊसाहेब चिडले. "असं कुठं असतं का? लोक विचारतील काय भानगड आहे." अजून विचारतात. म्हणून हे सगळं लिहिलं.

पुस्तक घेऊन पुण्याला गेलो. इंदूताईंनी ते हातात धरलं, वास घेतला, आणि शेजारच्या मुलीला वाचायला दिलं. ती मोठ्यानं वाचत गेली, काकूंचे तीन आवाज काढत. शेवटचं पान आलं तशी थांबली.

"काय आहे?" इंदूताईंनी विचारलं.

"काही लिहिलंच नाहीये. नुसती वाटी आहे. उपडी."

मग खोलीत एक बारीक आवाज यायला लागला. खर्र, खर्र.

"काय करतेयस गं?"

"वाटी उचलतेय," ती म्हणाली. नखानं कागद खरवडत होती.

इंदूताईंनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं. म्हणाल्या, "बसलं हो पान."